कॅप्चरमध्ये प्रत्येक पॅकेट दोनदा दिसतेय? लाइन बदलण्याआधी हे वाचा

ऑफिसचे नेटवर्क हळू चालते म्हणून आमचे अनेक ग्राहक स्वतःच कॅप्चर (नेटवर्कवरून जाणाऱ्या पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांची, नोंद) घेऊन पाहतात. ही चांगली सवय आहे. पण ही फाइल वायरशार्कमध्ये (अशी नोंद वाचण्याच्या प्रोग्राममध्ये) उघडली की कधीकधी काळ्या पट्ट्यांवर लाल अक्षरांची रांगच दिसते: रिट्रान्समिशन (पुन्हा पाठवलेले पॅकेट), डुप्लिकेट अॅक (तीच पोच पुन्हा), आउट ऑफ ऑर्डर (क्रम चुकलेले). मग इंटरनेटवाल्याला फोन जातो, लॅमिंग्टन रोडवरून नवा स्विच येतो, केबल बदलली जाते आणि तक्रार जिथल्या तिथे राहते. साप समजून भुई धोपटण्यात ग्राहकाचे पैसे जातात, ते आम्हाला बघवत नाही. म्हणून हे पत्रक.

पुष्कळदा ते पॅकेट तारेवरून एकदाच गेलेले असते. नोंद तेवढी दोनदा झालेली असते.

हे होते कसे

सोसायटीच्या गेटवर एक वही असते आणि लिफ्टजवळ दुसरी. कुरिअरवाला एकच आला, पण त्याची सही दोन्हीकडे झाली. महिनाअखेरीस दोन्ही वह्यांची बेरीज केली तर माणसे दुप्पट भरतील. स्विचच्या मिरर पोर्टवर (जिथे कॅप्चरसाठी इतर पोर्टांवरच्या पॅकेटांची कॉपी येते) नेमके हेच घडते. संपूर्ण व्हीलॅन (स्विचवर वेगळा पाडलेला नेटवर्कचा गट) "दोन्ही दिशांनी" मिरर केले, तर त्याच व्हीलॅनमधल्या दोन मशिनांमधले पॅकेट स्विचमध्ये शिरताना एकदा आणि बाहेर पडताना पुन्हा एकदा कॉपी होते.

लिनक्स सर्व्हरवर "एनी", म्हणजे सगळे नेटवर्क इंटरफेस एकदम, निवडले तरी हीच गत. ब्रिज, बाँड किंवा डॉकर (मशिनच्या आत नेटवर्कचे जादा थर तयार करणाऱ्या सोयी) असेल तर एकच पॅकेट प्रत्येक थरावर टिपले जाते. विंडोजवर व्हीपीएन किंवा अँटिव्हायरसचा फिल्टर मध्ये बसला असेल तर तिथेही जोड्या दिसू शकतात.

खरी आणि खोटी जोडी ओळखा

वायरशार्कमध्ये आयपी आयडेंटिफिकेशन (पॅकेटचा ओळख क्रमांक) आणि टीटीएल (प्रत्येक राउटरवर एकाने घटणारा आकडा) यांचे कॉलम लावा आणि वेळ "आधीच्या पॅकेटपासून" अशी दाखवा. दोन्ही ओळींत सीक्वेन्स नंबर (डेटाच्या क्रमाचा आकडा), आयडेंटिफिकेशन, टीटीएल सगळे सारखे आणि मधले अंतर काही मायक्रोसेकंदांचे असेल, तर ती कॅप्चरने केलेली कॉपी समजा. खऱ्या रिट्रान्समिशनला इतकी घाई शक्यच नसते. आधीचे पॅकेट पोचले नाही हे पाठवणाऱ्याला कळायलाच वेळ लागतो. लिनक्समध्ये पोच न आल्याचा टायमर साधारणपणे 200 मिलिसेकंदांच्या आत वाजत नाही. शिवाय पुन्हा पाठवलेल्या पॅकेटला बहुधा नवा आयडेंटिफिकेशन नंबर मिळतो. काही उपकरणे तिथे कायम शून्यच टाकतात आणि आयपीव्ही6 च्या मूळ हेडरमध्ये तर हा रकानाच नाही. अशा वेळी सीक्वेन्स नंबर आणि वेळ यांवर भर द्या.

टीटीएल एकाने कमी आणि मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डांचे पत्ते) वेगळे असतील, तर तुम्ही राउटरच्या दोन्ही बाजूंनी एकच पॅकेट पाहत आहात. त्यातही दोष नाही.

मरोळच्या एका ग्राहकाकडे बिलिंग अडकत होते. लाइन बदलायचा कागद सहीसाठी तयार होता. फाइल पाहिली तर पहिल्या ओळीपासून प्रत्येक पॅकेट जोडीने. जोड्या काढल्यावर लाल अक्षरे जवळजवळ सगळी गेली आणि खरे दुखणे समोर आले. सर्व्हर मागणीची पोच लगेच देत होता, पण उत्तराचा पहिला बाइट यायला दोन सेकंद लागत होते. रस्ता मोकळा होता, उशीर डेटाबेसमध्ये होता.

पण दोनावर थांबत नसेल तर

एकच पॅकेट दहा-वीस वेळा दिसते आणि प्रत्येक वेळी टीटीएल उतरत जातो, तर राउटिंगचा फेरा पडला आहे, म्हणजे पॅकेट राउटरांमध्येच गोल फिरते आहे. टीटीएल तोच, पण एआरपी (मॅक अॅड्रेस विचारणारी पॅकेट) आणि ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम जाणाऱ्या पॅकेटांचा) पूर आलाय आणि स्विचचे सगळे दिवे एकदम फडफडताहेत, तर कुणीतरी केबलचे दुसरे टोक त्याच स्विचमध्ये लावले असण्याची दाट शक्यता आहे. ही खरी बिघाडाची लक्षणे आहेत, लगेच फोन करा. एक सोपी खूण: लिनक्स किंवा मॅक संगणकावरून एका मशिनला पिंग करा, म्हणजे हाक देऊन उत्तर येते का पाहा. पिंगला मिरर पोर्ट दिसत नाही. त्यानेच "डुप" असे छापले, तर उत्तर खरोखरच दोनदा येत आहे.

उपाय

शक्यतो संशयित सर्व्हरचा एकच पोर्ट, दोन्ही दिशांनी मिरर करा. संपूर्ण व्हीलॅन घ्यायचेच असेल तर फक्त आत येणारी दिशा घ्या. लिनक्सवर "एनी" ऐवजी नेमका इंटरफेस निवडा. हा केवळ नीटनेटकेपणा नाही. जोड्यांनी मिरर पोर्ट तुंबला की खरी पॅकेट टिपायची राहतात आणि मग फाइलवर भरवसाच उरत नाही.

फाइल आधीच घेतली असेल तर वायरशार्कसोबत येणारे एडिटकॅप वापरा. त्याचा लहान "डी" पर्याय प्रत्येक पॅकेटची लांबी आणि एमडी5 हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) आधीच्या चार पॅकेटांशी ताडून जुळणारे वगळतो. मोठ्या "डी"ने ही संख्या वाढवता येते, "डब्ल्यू"ने वेळेची मर्यादा घालता येते. राउटरच्या दोन बाजूंच्या जोड्या यात निघत नाहीत, कारण टीटीएल आणि मॅक बदललेले असतात.

आम्हाला मात्र मूळ फाइलच पाठवा, साफ केलेली नको. केबलमुळे खरा फेरा पडला असेल तर त्याचा पुरावा साफसफाईत निघून जाऊ शकतो. सोबत कॅप्चर कोणत्या पोर्टवर, किती वाजता घेतले ते लिहा आणि स्विच-राउटरची हाताने काढलेली आकृती जोडा. फाइलमध्ये तुमच्या ग्राहकांचा मजकूर, कधी पासवर्डही असतो. ती व्हॉट्सअॅपवर टाकू नका. फोन करा, आमचा माणूस येऊन घेऊन जाईल.