नाचीचा धबधबा: देव कोणता, मंदिर कोणाचं?

जपानमधल्या नाची धबधब्याचा तो नेहमीचा फोटो आठवा: पुढे शेंदरी रंगाचा तीन मजली पॅगोडा, मागे १३३ मीटरवरून पडणारी पांढरी धार. पाहणाऱ्याला वाटतं, पॅगोडा म्हणजे धबधब्याचंच देऊळ. पण पॅगोडा सेइगांतो-जी या बौद्ध मंदिराचा आहे. धबधबा हा शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्मातला, देव, आणि त्याला गाभाराच नाही.

वाकायामा प्रांतातल्या या डोंगरावर कुमानो नाची ताइशा हे शिंतो देवस्थान आणि सेइगांतो-जी एकमेकांना खेटून उभी आहेत. १८६८ पर्यंत दोन्ही मिळून एकच क्षेत्र होतं. तेव्हाच्या नव्या मेइजी सरकारनं शिंतो आणि बौद्ध वेगळे करायचा हुकूम काढला आणि मग वाटणी झाली.

रंगावरून ओळखायला जाल तर फसाल. ताइशा शेंदरी आहे, पण पॅगोडाही शेंदरीच. उलट सेइगांतो-जीचं मुख्य मंदिर, जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यानं १५९० मध्ये पुन्हा बांधवलेलं, बिनरंगी लाकडाचं. त्यापेक्षा हातांकडे पाहा. शिंतो देवासमोर दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एकदा नमस्कार. बौद्ध मंदिरात उदबत्ती लावून नुसते हात जोडायचे. तिथे टाळ्या वाजवत नाहीत.

सेइगांतो-जीत पूजा होते ती कान्नोनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तो हाच. कान्नोनच्या ३३ मंदिरांच्या सैगोकु यात्रेची सुरुवात इथूनच होते. मंदिर स्थापणारा भिक्षू भारतातून समुद्रमार्गे आला, अशी आख्यायिकाही आहे.

धबधब्यापाशी, हिरो जिंजा या शिंतो देवस्थानात, यातलं काहीच नाही. तोरी कमानीतून शिरून उंच देवदारांखालच्या दगडी पायऱ्या उतरायच्या की समोर थेट पाणी. मूर्ती नाही. धार जिथून सुटते तिथे कड्यावर गवताचा पवित्र दोर बांधलेला असतो. देवाचं अंगच ते, त्यामुळे चढाई वर्ज्य. २०१२ मध्ये तिघे गिर्यारोहक चढू लागले, तर पोलिसांनी त्यांना अटक केली. मला तरी हे रास्तच वाटतं.

वेळ कमी असेल तर पैसे भरून पॅगोडाच्या आत चढायचं टाळा, तो बाहेरूनच देखणा आहे. ते पैसे धबधब्याजवळच्या सज्जावर जायला भरा.