ताट म्हटलं, खाट ऐकू आलं

बाबांची पंचाहत्तरी आम्ही कोरेगाव पार्कातल्या एका बऱ्यापैकी महागड्या रेस्टॉरंटमध्ये साजरी केली. टेबल पंधरा दिवस आधी बुक केलं होतं. बाबा हाडाचे खवय्ये. कुठेही जेवायला गेले की वाढणाऱ्याला थांबवून पदार्थाची कुळकथा काढतात. यात आंबट कशाचं आहे, हे तळलंय की भाजलंय, मसाला घरी कुटलेला का? त्या रात्री वेटरने दिवसाचे खास पदार्थ सांगितले, बाबांनी मान डोलावली आणि काहीच विचारलं नाही. नातू त्यांना गणिताचा पेपर अर्धा राहिल्याचं सांगत होता, तर ते कौतुकाने हसले. पुढचे दोन तास खाली बघून शांतपणे जेवले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "छान होतं गं सगळं. पण मी आपला एकटाच जेवलो."

ते वाक्य मला लागलं. आता श्रवणयंत्र घ्यायची वेळ आली, असंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून नेहमीच्या आवाजात विचारलं, "बाबा, चहा ठेवू?" बाहेरच्या खोलीतून लगेच उत्तर आलं, "अर्धाच ठेव." म्हणजे कान तेच होते, बदलली होती ती खोली. मी भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे पुढचे काही दिवस डोक्यात तो हॉलच घोळत राहिला.

जमीन चकचकीत दगडाची. रस्त्याकडची अख्खी भिंत काचेची. छत उघडं काँक्रीटचं आणि त्याखालून गेलेले एसीचे पत्र्याचे डक्ट. टेबलांवर कापड नाही, नुसता संगमरवर. एका टोकाला ओपन किचन, म्हणजे कढया, मिक्सर, चिमणीचा पंखा सगळं आपल्यासमोर. पूर्वी बड्या हॉटेलांच्या जेवणाच्या दालनात गालिचे असत, जाड पडदे असत, टेबलक्लॉथ आणि गादीच्या खुर्च्या असत. ते जुनाट दिसायला लागलं म्हणून निघालं. त्या गालिच्या-पडद्यांकडे शोभेपलीकडचं एक काम होतं, तेही त्यांच्याबरोबर गेलं.

हे काम नेमकं काय, ते १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एका माणसाने शोधायला घेतलं. तिथल्या फॉग कलासंग्रहालयाचं नवंकोरं व्याख्यानगृह बांधून झालं आणि त्यात बोललेलं कुणाला कळेना. हे निस्तरायचं काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकावर आलं. त्याची साधनं म्हणजे ऑर्गनची एक नळी, एक स्टॉपवॉच आणि स्वतःचे कान. रात्री सगळं सामसूम झालं की शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांवरच्या गाद्या आणून या खोलीत मांडायच्या, नळी वाजवून बंद करायची, आवाज पुरता विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या. रिकाम्या खोलीत आवाज तब्बल साडेपाच सेकंद रेंगाळत होता. वक्ता पुढचं वाक्य संपवत आला तरी मागचं हवेतच असायचं. गाद्या वाढवल्या की हा काळ कमी व्हायचा. एक माणूस जवळपास सहा गाद्यांइतका आवाज शोषतो, हेही त्याच्या ध्यानात आलं.

त्यातून निघालेलं सूत्र इतकं सोपं आहे की ते पाठकोऱ्या कागदावर मांडता येतं. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा आणि खोलीतल्या एकूण ध्वनिशोषणाने भागा. उत्तर येतं ते निनादाच्या काळाचं, म्हणजे आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणाऱ्या सेकंदांचं. शोषण मोजायचं एकक सॅबिनने 'उघडी खिडकी' हे धरलं, कारण खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही.

आता १२ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच असा हॉल घेऊ. घनफळ ४२० घनमीटर, आतला सगळा पृष्ठभाग ३९४ चौरस मीटर. दगड, काच, गुळगुळीत प्लास्टर यांच्यावर पडलेल्या आवाजातला शेकडा तीन भागच ती शोषतात, बाकीचा परतवतात. म्हणजे एवढ्या मोठ्या हॉलचं शोषण झालं जेमतेम १२ चौरस मीटर उघड्या खिडकीइतकं, आणि निनाद सुमारे ५.७ सेकंद. सव्वाशे वर्षांपूर्वी निकामी ठरलेलं व्याख्यानगृह आपण नव्याने बांधलं! साठ माणसं येऊन बसली की त्यांचे कपडे आणि शरीरं मिळून आणखी ३० चौरस मीटरची भर घालतात, निनाद १.६ सेकंदांवर येतो. पण संभाषण नीट कळायला तो एक सेकंदाच्या बराच आत हवा. शिवाय ही माणसं नुसती बसत नाहीत, बोलतात.

आणि इथून गोष्ट बिघडत जाते. एत्येन लोम्बार हे फ्रान्समधले कान-नाक-घशाचे डॉक्टर. रुग्ण बोलत असताना त्याच्या कानात गोंगाट सोडला की तो नकळत मोठ्याने बोलू लागतो आणि गोंगाट थांबवला की आवाज आपोआप खाली येतो, हे त्यांनी १९११ मध्ये लिहून ठेवलं. याला लोम्बार परिणाम म्हणतात. तो ठरवून होत नाही आणि ठरवून रोखणंही अवघड जातं. एका टेबलावर हशा पिकला की शेजारचं टेबल आवाज चढवतं, त्यामुळे तिसरं, त्यामुळे पुन्हा पहिलं. मग संगीत ऐकू येत नाही म्हणून कुणीतरी स्पीकर वाढवतो. कुणीच उद्धट नसतं. प्रत्येक जण फक्त समोरच्या माणसापर्यंत पोचायचा प्रयत्न करत असतो.

यात एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. मोठ्याने बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून बाहेर पडणारी ध्वनीची शक्ती वॅटच्या एक हजाराव्या भागाच्या आसपास असते. साठच्या साठ माणसं एकदम ओरडली तरी एका वॅटचा दहावा भागही भरत नाही, देव्हाऱ्यातला अर्ध्या वॅटचा एलईडी दिवासुद्धा त्यावर नीट लागायचा नाही. एवढ्याशा ऊर्जेने दोन तासांत जीव नकोसा होतो, कारण ती संपायला जागाच ठेवलेली नसते. ती दगडावरून काचेवर आणि काचेवरून काँक्रीटवर फिरत राहते.

हे सगळ्यांनाच जाचतं, मग बाबाच एकटे का पडले? त्याचं उत्तर कानाच्या आत आहे. अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखा वेटोळा भाग असतो. त्यात आवाज पकडून मेंदूकडे पाठवणाऱ्या केशपेशी साधारण साडेतीन हजार, आणि त्यांना मदत करणाऱ्या, क्षीण आवाज वाढवून देणाऱ्या आणखी बारा हजारांच्या आसपास. एकदा मेल्या की त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात, आणि वयाबरोबर आधी त्याच झिजतात. आपल्या बोलण्यात स्वरांची ताकद खालच्या पट्टीत असते, तर स, श, त, थ, ख, फ यांची ओळख पटवणारा बारीक फुत्कार बराच वर, स तर ४००० हर्ट्झच्याही पलीकडे. 'ताट' म्हटलं की त्यातला 'आ' दणकून पोचतो, पण आधीचा 'त' गोंगाटात बुडतो. मग ते ताट होतं, पाट होतं, काठ होतं की खाट, हे मेंदूने संदर्भावरून ओळखायचं. मराठीत असे शब्द पावलोपावली आहेत. शांत घरात ही ओळख पटकन होते. 'चहा ठेवू?' हे वाक्य तर सकाळी सात वाजता अर्धं ऐकलं तरी पुरतं. पण 'बुराटा', 'ट्रफल', 'रिसोटो' असे कधी न ऐकलेले शब्द वेटर भरभर सांगत असताना अंदाज बांधायचा कशावरून?

गर्दीतून एकच आवाज वेचून काढायचं कामही मेंदू करतो. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये यावर प्रयोग केले, तेव्हापासून त्याला 'कॉकटेल पार्टी' प्रश्न म्हणतात. दोन कानांपर्यंत आवाज पोचण्यात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक असतो, त्यावरून मेंदू दिशा ओळखतो आणि बाकीचं मागे ढकलतो. निनाद असेल तर एकच आवाज सगळ्या दिशांनी येतो आणि हा धागाच तुटतो. म्हातारी माणसं अशा ठिकाणी थकतात ती यामुळे. ती जेवत नसतात, दोन तास कोडं सोडवत असतात. आणि एका क्षणी थांबतात, मान डोलावतात, हसतात. याला आपण 'बाबांचं लक्ष नसतं' म्हणतो. मीही म्हटलं आहे.

त्या रात्री बाबांची आणखी एक तक्रार होती, शेवटचं गोड 'अगोड' लागल्याची. पदार्थात साखर खरोखरच कमी असेल. पण २०११ च्या एका प्रयोगात मोठा गोंगाट ऐकत खाणाऱ्यांना गोड आणि खारट दोन्ही चवी फिक्या लागल्या आणि कुरकुरीतपणा जास्त जाणवला. २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी विमानातल्यासारखा आवाज ऐकवून चवी तपासल्या. गोडी कमी झाली आणि उमामी, म्हणजे टोमॅटो, मशरूम, जुनं चीज यांत असते ती रुचकर चव, वाढली. चवीचा आणि कानाचा संबंध काय, असं वाटेल. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव मेंदूकडे नेणारी नस मध्यकर्णातून, कानाच्या पडद्याला अगदी लागून जाते. गोडी घटण्याचं कारण तिथेच असावं, अशी एक शक्यता मांडली जाते. आचाऱ्याने मापून टाकलेली साखर छताने खाल्ली, हे कुठल्याही आचाऱ्याला आवडायचं नाही.

आणि आचारी, वेटर यांचं काय? आपण दोन तासांनी बाहेर पडतो. ८५ डेसिबलमध्ये ८ तास ही कामाच्या जागेची सर्वसाधारण मर्यादा मानतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २. शनिवारी रात्री अशा हॉलमध्ये ताटं उचलणाऱ्या विशीतल्या मुलाच्या केशपेशीही पुन्हा उगवणार नाहीत. त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

यावरचा उपाय महाग नाही. आपल्याच हिशोबातल्या हॉलच्या छताला ८० टक्के आवाज शोषणारं आच्छादन लावा. एकूण शोषण ४२ वरून १३४ चौरस मीटरवर जातं आणि निनाद १.६ वरून अर्ध्या सेकंदावर येतो. गोंगाट थेट ५ डेसिबलने उतरतो, आणि तो उतरला की लोम्बार परिणाम उलटा फिरतो, माणसं आपणहून हळू बोलू लागतात. मात्र नेहमीचं गुळगुळीत पीओपीचं फॉल्स सीलिंग इथे कामाचं नाही, उंच पट्टीचा आवाज ते काँक्रीटसारखंच परत फेकतं. सच्छिद्र काहीतरी लागतं: भोकाभोकांचे पॅनेल आणि त्यामागे रॉकवूल (दगडी लोकर), जाड फेल्ट, किंवा लाकडाच्या तंतूंचे तक्ते. आवाज त्या बारीक छिद्रांत शिरतो, हवेचे कण भिंतींना घासतात आणि ऊर्जेची उष्णता होऊन ती तिथेच संपते. काळा रंग दिला तर गिऱ्हाइकाला दिसणारही नाही. ज्या ठिकाणी दिव्यांवर आणि इटालियन संगमरवरावर एवढा खर्च होतो, तिथे छतावर व्हायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

बाबांच्या लहानपणी वाड्याच्या चौकात पंगती बसत. पन्नास-साठ पानं, आग्रह, श्लोक, मुलांचा दंगा, तरीही पंगतीच्या टोकाचा माणूस 'मठ्ठा' म्हणाला की वाढप्याला कळे. मातीच्या भिंती, लाकडी खांब, आणि वर मोकळं आभाळ. सॅबिनच्या भाषेत चौकभर उघडी खिडकी.

गेल्या महिन्यात आम्ही त्याच रेस्टॉरंटमध्ये पुन्हा गेलो. शनिवारऐवजी मंगळवारी, रात्री नऊऐवजी संध्याकाळी सातला. फोन करून कोपऱ्यातलं, गादीच्या सोफ्याचं टेबल मागून घेतलं, किचनपासून आणि स्पीकरपासून लांब. बाबांना भिंतीकडे पाठ करून बसवलं, म्हणजे मागून येणारा आवाज नाही. नातवाला समोर न बसवता शेजारी बसवलं. अंतर निम्मं झालं की बोलणं साधारण ६ डेसिबलने मोठं पोचतं, कुणी न ओरडता. मोबाइलवरच्या मापकाने ६४ दाखवलं. ते ॲप फार अचूक नसतं, पण याच जागी वाढदिवसाच्या रात्री नातवाने गंमत म्हणून लावलं होतं तेव्हा आकडा ८४ होता.

पहिली बशी आली. भाजलेलं बीट, वर कसलीशी गडद लाल चटणी. बाबांनी एक घास घेतला, डोळे बारीक केले आणि वेटरला हाताने थांबवलं.

"यात आंबट कशाचं आहे?"

"कोकम आहे, सर."

"आगळ, की आमसूल?"

वेटर म्हणाला, शेफना विचारून येतो.