आयएसबीएन मिळाला म्हणजे कॉपीराइट मिळाला?

नव्या लेखकांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारा एक सल्ला: 'फँटसी कादंबरीची प्रकरणं वाचकांना पाठवण्याआधी आयएसबीएन घ्या, नाहीतर कॉपीराइट मिळत नाही.'

असं वाटणं साहजिक आहे. आयएसबीएन हा पुस्तकावरचा क्रमांक आणि कॉपीराइटचं © हे चिन्ह बहुतेकदा एकाच पानावर छापलेलं असतं. पण आयएसबीएन ही फक्त पुस्तकाची ओळख. दुकानदार, ग्रंथालयं आणि वितरक यांना नेमकी कुठली आवृत्ती हवी ते कळावं, एवढ्यासाठी. म्हणूनच एकाच कादंबरीच्या कागदी आणि ई-बुक आवृत्तीला वेगवेगळे क्रमांक लागतात. मजकूर तोच, मग हक्क दोन कसे होतील?

घरातलं 1960च्या आसपासचं एखादं पुस्तक उघडून बघा. त्यावर हा क्रमांक सापडणार नाही. ही पद्धतच 1970च्या सुमाराला रुळली. भारताचा कॉपीराइट कायदा मात्र 1957चा. त्यानुसार तुम्ही स्वतः लिहिलेला मजकूर कागदावर किंवा फाइलमध्ये उतरला की हक्क तुमचा, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं टिकतो. कॉपीराइटची नोंदणी ऐच्छिक आहे. वाद कोर्टात गेलाच तर पुरावा म्हणून ती कामी येते. कायद्याचा मजकूर मोफत मिळतो. कलम 13, 22 आणि 48 वाचलीत तरी पुरे.

फँटसीवाल्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची: संरक्षण तुमच्या शब्दांना, कल्पनेला नाही. 'बोलणारा ड्रॅगन आणि शापित किल्ला' कुणीही लिहू शकतो. तुमचं प्रकरण जसंच्या तसं उचलता येत नाही.