घागर, द्राक्षं आणि समोर बसलेला माणूस

नाशिकचा चित्रकार म्हटलं की गोदाघाटच आठवतो. शिवाजी तुपे यांच्यासारख्यांनी जलरंगातल्या निसर्गचित्रांची इथे इतकी गोडी लावली की खोलीत बसून वस्तू रंगवणारे, माणूस समोर बसवून रंगवणारे जरा मागेच राहिले. अशा एखाद्याला विचारावं, सुरुवात कुठून करता? उत्तर बहुधा एकच: ‘ठरवून काही नसतं, हात जाईल तसं.’ ऐकायला हे सोपं वाटतं. पण हाताला एवढी मोकळीक मिळायला फार काळ जावा लागला.

आपल्याकडे वस्तुचित्र शाळेत भेटतं ते परीक्षा म्हणून. एलिमेंट्री, इंटरमिजिएट दिलेल्या कुणालाही ते दृश्य आठवेल: स्टुलावर घागर, शेजारी दोन कांदे, मागे चुण्या पाडलेला पडदा आणि एक डोळा मिटून, हात ताठ करून पेन्सिलीने माप घेणारी मुलं. या शिस्तीचं मूळ 1857 मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आहे. प्लॅस्टरचे पुतळे हुबेहूब उतरवणं हा तिथल्या जुन्या शिक्षणाचा पाया. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके 1885 मध्ये त्याच शाळेत दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. पहिला कथापट करण्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते थोडं थोडं करून चित्रित केलं होतं. मला ते नेहमी चित्रकाराचंच काम वाटत आलं आहे. एकाच वस्तूकडे रोज पाहत राहायचं, आणि ती बदलली की टिपायचं.

युरोपातही वस्तुचित्राला मान नव्हता. 1667 मध्ये आंद्रे फेलिबियाँ या फ्रेंच कलालेखकाने चित्रांची उतरंड मांडली. इतिहास-पुराणातल्या प्रसंगांची चित्रं सगळ्यात वर, फळं-फुलं तळाशी. ती उतरंड उलटी करण्यात मोठा वाटा फ्रेंच चित्रकार पॉल सेझानचा. तो इतका सावकाश रंगवी की फळं सडून जात. चित्रांचा व्यापारी व्होलार याचं व्यक्तिचित्र त्याने 1899 मध्ये केलं, तेव्हा आपल्याला 115 वेळा बसावं लागलं असं व्होलारनेच लिहून ठेवलं आहे. एकदा बसल्या बसल्या व्होलारला डुलकी लागली आणि तोल गेला, तर सेझान ओरडला, सफरचंदासारखं बसायचं, सफरचंद हलतं का? माणूस आणि फळ यांच्याकडे त्याची नजर एकच होती. आणि हात जाईल तसं, अंतःस्फूर्तीने रंगवणं म्हणजे घाई, ही समजूतही इथेच मोडते.

आपल्याकडे वस्तू आणि माणूस रंगवण्याच्या या दोन्ही वाटा एकत्र चालला तो चित्रकार के. एच. आरा. घरकाम करत, मोटारी धूत मुंबईत जगलेला, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेला माणूस. त्याच्या हातातली ताकद रूडी फॉन लायडनसारख्या समीक्षकाने ओळखली. 1942 मध्ये त्याचं पहिलं एकल प्रदर्शन झालं, 1947 च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुप या मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या संस्थापकांत तो होता. फुलदाण्या, फळं आणि अनावृत स्त्रीदेह हे विषय त्याने पुन्हा पुन्हा रंगवले. त्याची फुलदाणी मोजून बघाल तर डावी-उजवी बाजू जुळायची नाही. तरी ती जड आहे, भरलेली आहे, हे डोळ्यांना पटतं. त्याच्या बसलेल्या बाईच्या पाठीचंही तेच. मापाऐवजी वजन रंगवायचं, हे त्याला कुणी शिकवलं नसावं, ते त्याला सरावातून सापडलं असावं असं माझं मत आहे.

नाशिकमध्ये हात जाईल तसं रंगवण्याच्या या रीतीला लागणारं सामान दाराशीच आहे. भांडी बाजारातून तांब्याची जुनी घागर आणा. तिच्या पोटावर खिडकी वाकडी होऊन दिसते, पोचा आला असेल तिथे उजेड तुटतो. शेजारी द्राक्षांचा घड ठेवा. मण्यांवर पांढरट धुरकट थर असतो. घड मांडताना बोट लागलं की तेवढाच थर पुसला जातो आणि खालचा मणी काळाभोर चमकतो. हुबेहूब उतरवू पाहणारा तो घड बदलून दुसरा आणतो. हाताच्या ओढीने जाणारा चित्रकार नेमका त्या बोटाच्या ठशापासून ब्रश टेकवतो, कारण मांडणाऱ्या माणसाची खूण आता तिथे उमटलेली असते.