मालवाहतुकीतील प्रक्रिया-सुधारणा

माल उचलल्यापासून पोचता होईपर्यंतच्या कामात वाया जाणारा वेळ, फुकटचे फेरे आणि चुका हुडकून त्या मुळातून काढण्याच्या पद्धती. त्यांचा जन्म कारखान्यात झाला. ‘लीन’चा, म्हणजे वाया जाणारे काम काढून टाकण्याचा, विचार जपानच्या टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी घडवलेल्या उत्पादनपद्धतीतून आला, तर चुका मोजून कमी करण्याची ‘सिक्स सिग्मा’ पद्धत १९८६ मध्ये अमेरिकेच्या मोटोरोला कंपनीत सुरू झाली.

वाहतुकीचे काम मात्र एका छपराखाली होत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डातून निघणारा हळदीचा ट्रक घ्या. सौदा झाला, पोती शिवली, वजन झाले. हमालांनी थप्पी लावली, ताडपत्री ओढून दोर आवळला. आणि मग ध्यानात येते की बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या मालपावतीवर, पोत्यांचा आकडा एक आणि ई-वे बिलावर, म्हणजे जीएसटीखाली मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदावर, दुसरा. ई-वे बिलातला मालाचा तपशील नंतर बदलता येत नाही. २४ तासांच्या आत ते रद्द करून नवे काढावे लागते. तोवर गाडी उभी. पेठ नाक्यावरून वेळेत महामार्गाला लागायचा बेत तिथेच बिघडतो. ही चूक पोती मोजतानाच पकडली जावी, अशी कामाची मांडणी करणे म्हणजे सुधारणा.

ती टिकते कशाने? मालक स्वतः गोदामात उभा राहतो का, यावर बरेच ठरते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हमाल आणि ड्रायव्हर यांचे ऐकून घेणे. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली नोंदलेले हमाल माथाडी मंडळाकडे असतात, ट्रान्सपोर्टच्या पगारपत्रकावर नसतात. कंपनीचे प्रशिक्षण त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, आणि इथेच बहुतेक प्रयत्न फसतात. मजुरी पोत्यामागे असेल तर खोळंब्याने हमालांच्या टोळीचीही कमाई बुडते, म्हणून टोळीच्या मुकादमाला सुरुवातीपासून सोबत घेतले तर तो उपाय स्वतःच सुचवतो.

मोजमापही नेमके हवे. गाडी फाटकात आल्यापासून बिल्टी हातात पडेपर्यंत किती वेळ गेला, एवढा एक आकडा रोज फलकावर मराठीत लिहिला तरी पुरतो. उशिरासाठी ड्रायव्हरला दंड लावणे याला सुधारणा म्हणू नये. खंबाटकी घाटातली कोंडी त्याच्या हातात नसते, आणि दंडाच्या धाकाने तो गाडी दामटतो. संगणकप्रणाली उपयोगी खरी, पण कामाची रीत बसल्यावर.

नवी रीत बसवायला पावसाळा बरा. हळद-बेदाण्याच्या हंगामात यार्डात गाड्यांची रांग लागली की चूक समजावून सांगायला कुणालाच उसंत नसते.