‘हॅलोवीन’चे पुनरुज्जीवन आणि वगळलेले भाग : पार्श्वभूमी

चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यातल्या कॉलेजच्या मुलांना ‘हॅलोवीन’ या अमेरिकी भयपट-मालिकेचा पहिला भाग कोणता असे विचारले, तर 2018 चा, असे उत्तर हमखास मिळते. त्यात मुलांचा दोष नाही. 2018 च्या चित्रपटाचे नाव 1978 च्या मूळ चित्रपटाचेच आहे, त्यापुढे आकडा नाही, आणि 2007 साली झालेल्या पुनर्निर्मितीलाही तेच नाव दिलेले आहे. मोबाइलवर शोधले की एकाच नावाचे तीन चित्रपट समोर येतात आणि त्यांतला जो नवा व स्वच्छ दिसतो, तो आधी पाहिला जातो. सप्टेंबर 2016 नंतर डेटा स्वस्त होऊन खेड्यापर्यंत पोहोचला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी हा चित्रपट आला. त्यामुळे आमच्या भागातील एका पिढीची या मालिकेशी ओळखच मुळी तिच्या पुनरुज्जीवनापासून झाली. त्या पुनरुज्जीवनासाठी आधीचे काय काय बाजूला सारले गेले, हे सांगण्यासाठी हे टिपण आहे.

चाकूधारी खुन्याच्या चित्रपटांची वंशावळ 1960 च्या ‘सायको’पर्यंत मागे जाते, आणि 1974 साली आलेल्या दोन उत्तर अमेरिकी चित्रपटांनी तिचा साचा जवळजवळ पुरा केला होता. 1978 च्या चित्रपटाने तो साचा अत्यल्प खर्चात लोकप्रिय केला. सुमारे सव्वातीन लाख डॉलर खर्च, तीन आठवड्यांच्या आसपास चित्रीकरण आणि जगभरातून सुमारे सात कोटी डॉलरचे उत्पन्न, हा त्याचा हिशेब. मायकेल नावाचा मुखवटाधारी खुनी लॉरी या तरुणीच्या मागे लागतो, ही कथा अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील एका गावात ऑक्टोबरअखेर घडते, पण चित्रीकरण कॅलिफोर्नियात वसंत ऋतूत झाले. म्हणून रंगवलेली वाळकी पाने रस्त्यावर पसरायची आणि दृश्य संपले की गोळा करून पुढच्या दृश्यासाठी ठेवायची, असे चालले. खुन्याचा मुखवटा दुकानात दोन डॉलरच्या आत मिळालेला, एका दूरचित्रवाणी मालिकेतील अंतराळ-कप्तानाचा होता. त्याचे कल्ले काढले, डोळ्यांची भोके मोठी केली आणि त्यावर पांढरा रंग फवारला. पडद्यावर रक्त फारसे नाही. भीती आहे ती रुंद चौकटीच्या कडेला स्थिर उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या चेहऱ्याची, आणि त्याहूनही अधिक, तो कोणाला व का मारतो याचे कसलेही कारण न देण्याची.

हे कारण 1981 च्या दुसऱ्या भागात आले आणि गुंता तिथूनच सुरू झाला. लॉरी ही मायकेलची सख्खी बहीण, असा खुलासा त्या भागात करण्यात आला. तो लिहिणारा मूळ चित्रपटाचा दिग्दर्शकच होता, आणि पुढे त्यानेच या कल्पनेबद्दल जाहीरपणे नापसंती दर्शवली. पण त्याच सुमारास पहिला चित्रपट अमेरिकी दूरचित्रवाणीवर दाखवायचा होता, त्याची लांबी कमी पडत होती, म्हणून काही नवी दृश्ये चित्रित करून त्यात घालण्यात आली. त्यांतील एका दृश्यात मनोरुग्णालयातून पळालेल्या मायकेलच्या खोलीच्या दारावर ‘बहीण’ या अर्थाचा शब्द कोरलेला दिसतो. म्हणजे बहिणीचे नाते नुसते पुढे जोडले गेले नाही, तर मागे जाऊन पहिल्या चित्रपटाच्या एका आवृत्तीतही घुसवले गेले. ‘आम्ही फक्त 1978 चा चित्रपट प्रमाण मानतो’ असे नंतर कोणी म्हटले, तर कोणती आवृत्ती, हा प्रश्न म्हणूनच उरतो.

1982 च्या तिसऱ्या भागात मायकेल नव्हताच. दरवर्षी वेगळी गोष्ट सांगायची, ही कल्पना प्रेक्षकांनी नाकारली आणि सहा वर्षे काहीही आले नाही.

आमच्याकडे हे चित्रपट ज्या रूपाने पोहोचले, ते रूप कोणते भाग खरे मानायचे या वादात कोणी विचारात घेतलेले दिसत नाही. व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणायचा, कोजागिरीला किंवा गणपतीत चौकात मांडायचा आणि रात्रभरात तीन-चार पिक्चर पाहायचे, असा तो काळ होता. दोन हिंदी चित्रपटांच्या मध्ये एखादा इंग्रजी भयपट लागे. पुढे केबल आली, डिशच्या छत्र्या आल्या आणि हिंदीत डब केलेले असे चित्रपट रात्री उशिरा टीव्हीवर दिसू लागले. भागांचा क्रम कोणाला ठाऊक नसे आणि त्याने काही अडतही नसे. या मार्गाने जे हाती लागले ते बहुधा मधले भाग होते, आणि त्यांतही 1988 चा चौथा भाग ज्याने पाहिला तो विसरला नाही.

त्याची नायिका लॉरीची सात-आठ वर्षांची अनाथ मुलगी जेमी आहे. लॉरी मोटार अपघातात गेली, असे सांगितलेले आहे. मामा मुखवटा घालून भाचीच्या मागे लागतो, ही गोष्ट समजायला आमच्या घरांत इंग्रजी यावे लागत नव्हते. चित्रपटाच्या शेवटी सगळे संपले असे वाटत असताना घरातून किंकाळी येते. पहिल्या भागापासून मायकेलच्या मागावर असलेला त्याचा म्हातारा डॉक्टर जिन्याच्या तळाशी येतो, वर पाहतो आणि ओरडू लागतो. जिन्याच्या वर विदूषकाच्या पोशाखातली जेमी उभी असते आणि तिच्या हातात रक्ताळलेली कात्री असते. माझ्या मते मूळ चित्रपटानंतर या मालिकेने गाठलेले ते सर्वात उंच ठिकाण आहे. 1989 च्या पाचव्या भागाने ते सांभाळले नाही, आणि 1995 च्या सहाव्या भागात जेमीला सुरुवातीलाच मारून टाकले.

सहाव्या भागाने आणखी एक गोष्ट केली. मायकेलच्या क्रौर्यामागे एका गुप्त पंथाचा प्राचीन शाप आहे, असे त्यात सांगितले गेले. चाचणी खेळातील प्रेक्षकांना चित्रपट रुचला नाही म्हणून बराच भाग नव्याने चित्रित करावा लागला. दरम्यान, फेब्रुवारी 1995 मध्ये डॉक्टरची भूमिका करणारा ज्येष्ठ नट वारला, आणि हाती आलेला चित्रपट तुटक राहिला. आधीची आवृत्ती अधिकृतपणे बाहेर यायला 2014 उजाडले. मला स्वतःला या शापाचे पुसले जाणे योग्य वाटते, आणि त्याचे कारण आमच्या मातीत आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे भानामती आणि करणीच्या संशयावरून माणसांना मारहाण झालेली आहे, जीवही गेलेले आहेत, आणि 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा होऊनही तो संशय पुरता गेलेला नाही. खून माणूस करतो, त्याला शाप लागत नाही, हे 1978 च्या चित्रपटाचे मौन आमच्यासाठी अधिक उपयोगाचे आहे.

भाग पुसण्याचा प्रकार 2018 मध्ये पहिल्यांदा घडला असे मानले जाते, ते बरोबर नाही. 1998 साली, मूळ चित्रपटाला वीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने, चौथा, पाचवा व सहावा हे तिन्ही भाग बाजूला ठेवून लॉरी जिवंत असल्याचे दाखवण्यात आले. ती नाव बदलून कॅलिफोर्नियातील एका शाळेची मुख्याध्यापिका झालेली होती. जेमीचा त्यात उल्लेखही नाही. शेवटी लॉरी कुऱ्हाडीने मायकेलचे डोके उडवते. परंतु खुन्याला कायमचे मारायचे नाही, ही हक्कधारक निर्मात्याची अट होती. म्हणून 2002 च्या पुढच्या भागात, डोके उडाले ते मुखवटा चढवलेल्या एका रुग्णवाहिका कर्मचाऱ्याचे होते, असा खुलासा आला आणि लॉरीलाच सुरुवातीच्या काही मिनिटांत मारण्यात आले. तो निर्माता 2005 मध्ये अम्मानमधील बॉम्बस्फोटांत मृत्यू पावला आणि मालिका त्याच्या मुलाकडे गेली. 2007 व 2009 चे दोन चित्रपट ही स्वतंत्र पुनर्निर्मिती होती, आणि त्यांत मायकेलच्या बिघडलेल्या बालपणाचे तपशीलवार कारण देण्यात आले.

या पसाऱ्यावर 2018 चा निर्णय घेतला गेला. मूळ चित्रपट तेवढा खरा, मधले नऊ चित्रपट घडलेच नाहीत. लॉरी ही बहीण नाही, जेमी जन्मलीच नाही, मायकेल चाळीस वर्षे कोठडीत होता. चित्रपटात एक मुलगा लॉरीच्या नातीला विचारतो की तो खुनी तिच्या आजीचा भाऊ होता ना, आणि ती सांगते की नाही, लोकांनी स्वतःच्या समाधानासाठी ते रचले आहे. या एका वाक्याने सदतीस वर्षांचा पाया काढून घेतला. मूळ दिग्दर्शक संगीतकार व सल्लागार म्हणून परत आला, मूळ अभिनेत्री परत आली, खर्च सुमारे एक कोटी डॉलर आणि उत्पन्न पंचवीस कोटींहून अधिक झाले. नव्या प्रेक्षकाला एकच चित्रपट पाहून आत येता यावे, हा युक्तिवाद व्यवहारात खरा ठरला, आणि कारण न देणारा खुनी परत आला, ही जमेची बाजूही मी मान्य करतो.

पण जुन्या प्रेक्षकांच्या वाट्याला काय आले, हेही मांडायला हवे. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या नाट्यपरंपरेत, जुने नाटक नव्या संचात पुन्हा उभे राहते, गाणी बदलतात, पात्रे बदलतात, मात्र आधीचा प्रयोग झालाच नव्हता असे वडसा येथील कोणतीही मंडळी म्हणत नाही. मधले भाग सुमार होते, असे समीक्षक म्हणतात आणि बहुतेकांबाबत ते खरेही आहे. तरीही अमेरिकी शहरांत मूळ चित्रपट पुनःपुन्हा पाहणाऱ्यांसाठी जे ‘मधले भाग’ होते, तीच खेड्यातल्या व्हीसीआरवर मालिका होती. ती वगळण्याचा निर्णय घेताना असा प्रेक्षक असू शकतो, याचा विचार झाला असेल असे वाटत नाही.

पुसल्याशिवाय पुनरुज्जीवन होत नाही, हेही सिद्ध झालेले नाही. याच प्रकारच्या ‘स्क्रीम’ या भयपट-मालिकेने 2022 मध्ये आकड्याविना तेच नाव घेतले, पण आधीच्या चार चित्रपटांतील एकही घटना नाकारली नाही, आणि सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चावर तेरा कोटींहून अधिक मिळवले. उलट त्याच वर्षी ‘टेक्सास चेनसॉ’ने 1974 च्या चित्रपटानंतरचे सारे वगळले आणि समीक्षकांकडून त्याला बोलणी खावी लागली. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ची अडचण आणखी वेगळी होती. पहिल्या चित्रपटाच्या लेखकाने 35 वर्षांनंतर हक्क परत मागण्याच्या अमेरिकी कायद्यातील तरतुदीचा आधार घेतला, 2021 मध्ये अपिलातही निकाल त्याच्या बाजूने लागला, आणि 2009 नंतर त्या मालिकेचा नवा चित्रपट त्या वादात अडकून पडला.

‘हॅलोवीन’च्या 2021 आणि 2022 च्या भागांनी उत्पन्नाची उतरती कमान पाहिली. दोन्ही भाग अमेरिकेत चित्रपटगृहांबरोबर त्याच दिवशी ऑनलाइनही आले होते, हे त्यामागे होतेच. विशेष म्हणजे ज्या भागांना नाकारले, त्यांच्याच खुणा या चित्रपटांत पेरलेल्या आहेत. तिसऱ्या भागातील मुलांचे मुखवटे 2021 च्या चित्रपटात खुनाच्या जागी दिसतात, आणि त्यातली रुग्णालयातली पळापळ थेट 1981 च्या दुसऱ्या भागाची आठवण करून देते. 2022 मध्ये मायकेलचा देह सर्व गावासमोर यंत्रात घालून नष्ट करण्यात आला. निर्मात्याची जुनी अट त्यामुळे निदान या शाखेपुरती संपली.

2023 मध्ये मालिकेचे दूरचित्रवाणी हक्क एका अमेरिकी कंपनीने मिळवले. आता तेरा चित्रपट आणि परस्परांशी न जुळणाऱ्या अनेक शाखा यांपैकी कोणती पकडायची, हा निर्णय नव्या लेखकांना घ्यावा लागेल. लांब मालिकेत पात्रांना वाढायला जागा असते. जिन्यावर कात्री घेऊन उभ्या असलेल्या मुलीचे पुढे काय झाले, हे 1989 आणि 1995 च्या चित्रपटांनी नीट सांगितलेले नाही, आणि ते सांगण्यासाठी शापाची किंवा पंथाची गरज नाही.