मोठेपणी कॉलेजची पायरी : सोलापुरातल्या समुपदेशनाची पार्श्वभूमी

1877 साली सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली, लोकांच्या तोंडची जुनी मिल, आणि शहराचा दिवस भोंग्यावर सुरू होऊ लागला. पोरगं हाताशी आलं की गिरणीत नाहीतर मागावर, पोरगी विड्या वळायला. दयानंद कॉलेज 1940 पासून गावात होतं, संगमेश्वर 1953 पासून. पण सातवीत शाळा सुटलेल्याला तिथवर नेणारी वाटच नव्हती. 2 ऑक्टोबर 1978 ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला. त्याचा भर साक्षरतेवर होता. करिअर मार्गदर्शन म्हणाल, तर ते दहावी-बारावीच्या मुलांसाठी.

कोंडी फोडली ती 1989 मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने. बारावी नसलेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम आणि स्थानिक कॉलेजांत अभ्यासकेंद्रं. रविवारी तास घेणारे समंत्रक विषय शिकवायचे, आणि ‘सर, मला जमेल का?’ हा प्रश्नही त्यांच्यापाशीच यायचा. आपल्याकडच्या प्रौढांच्या समुपदेशनाचं खरं मूळ मला इथे दिसतं. पुढे सोलापुरातल्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा या प्रश्नाला आणखी धार आली.

अडचण एवढीच, की समंत्रक भेटतो प्रवेशानंतर आणि माणूस अडतो त्याआधी. सोलापूरच्या पूर्व भागातली विडी कामगार बाई घ्या. घरी तेलुगू, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आधी विवाह प्रमाणपत्र की राजपत्रात नावबदल, 17 नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज) दहावीचा भरायचा की बारावीचा, परीक्षेच्या दिवसांत विड्यांची मजुरी बुडेल ती कशी भरून काढायची, हे कुणीतरी शेजारी बसून सोडवावं लागतं. कधी नवऱ्याशी, कधी सासूबाईंशी बोलावं लागतं. माहितीपत्रक वाचून हे सुटत नाही. म्हणूनच हे काम प्रवेशाच्या खिडकीवरच्या कारकुनावर सोपवणं मला चुकीचं वाटतं.

2004 मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं, आजचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवी मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची मुभा दिली : एका वर्षाला प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका. संसार सांभाळून शिकणाऱ्यांना ही मोठीच सोय आहे. पण कुठे थांबायचं आणि साठलेली क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक, घेऊन परत कधी यायचं, हे समजावून सांगायचं कामही आता समुपदेशकाकडेच आलं आहे.